मुनीमचा उपास

५ जानेवारी, रविवार

बी-बियाण्याच्या दुकानातून ही डायरी फुकट मिळाली. प्रत्येक पानाच्या तळाला शेतकऱ्यासाठी एक उपदेश छापलेला आहे. आजचा असा: 'कीड दिसताच उपाय करा, वाट पाहू नका.' तेव्हा सुरुवात मुनीमपासूनच करतो.

मुनीम हा आमचा कुत्रा. माझी लेक वैष्णवी कॉलेजात होती तेव्हा एकदा माझ्यासोबत हिंगोलीच्या मोंढ्यात हळद घेऊन आली होती. तिथं हे पिल्लू अडत्याच्या गादीवर तक्क्याला टेकून, सगळा हिशेब आपल्यालाच बघायचा आहे अशा तोंडानं बसलं होतं. तिनं ते ओढणीत गुंडाळून घरी आणलं. पुढं तिचं लग्न झालं आणि मुनीम माझ्याकडं राहिला. सासरी जाताना ती माझ्यापेक्षा त्याच्या गळ्यात पडून जास्त रडली. मी ते मनावर घेतलं नाही. म्हणजे घेतलं, पण बोललो नाही.

दिवाळीपासून तो सारखा खाजवतोय. पोट, काखा, कान, पंजे. पोटाची कातडी लाल झाली आहे, शेपटीच्या बुडाचे केस गेले आहेत. खाजवताना त्याचा मागचा पाय दाराच्या पत्र्यावर आपटतो. ढबढब, ढबढब. कोणी पाहुणा आला असं वाटून आशाबाई चहाचं आधण ठेवायला उठते आणि कुत्रा बघून परत बसते. नवरा म्हणून सांगतो, अशानं बाईचा स्वभाव बिघडतो.

आज तिनं निकाल दिला. वैष्णवी पाडव्यानंतर पहिल्या बाळंतपणाला येणार. "घरात लेकरू येऊन राहिलं. तवर याची खाज गेली तर ठीक. न्हाई गेली तर वारंगा फाट्याला, दादाच्या पंक्चरच्या दुकानावर नेऊन सोडायचं. मी दादाला बोलले बी."

वारंगा फाट्यावर दिवसभर ट्रक धावतात. मुनीमला बैलगाडी चुकवता येत नाही.

संध्याकाळी दिवा लावला, घंटी वाजवली. घंटी वाजली की तो येऊन देवापुढं बसतो, पुढचे दोन्ही पंजे वर धरतो. हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. त्याला प्रसाद दिला. देवाला म्हटलं, बघ बाबा.

९ जानेवारी, गुरुवार

गावात माणसाच्या आजाराला डॉक्टर मिळत नाही, कुत्र्याच्या आजाराला मात्र घरटी एक आहे. कोणी म्हणालं लिंबाच्या पाल्याचं पाणी. कोणी म्हणालं ट्रॅक्टरचं जळकं ऑइल. हळद तर सगळ्यांनीच सांगितली. आमच्या भागात कशालाही हळदच सांगतात, कारण ती घरात पडून असते.

मी हळद आणि तेल लावलं. मुनीम चांगला पिवळाधमक झाला. माझा बालमित्र शिवशंकर ऑटो चालवतो. तो दारात ऑटो थांबवून बराच वेळ बघत राहिला.

"माणिकराव, नवरी कुठली पाहिली?"

"औषध हाय ते."

"हुंड्यात काय देऊन राहिले?"

दुपारपर्यंत मुनीमनं ते सगळं चाटून टाकलं, उरलेलं नुकत्याच रंगवलेल्या भिंतीला पुसलं. आशाबाईनं भिंत पाहिली. मग माझ्याकडं पाहिलं, हे मला आवडलं नाही.

१३ जानेवारी, सोमवार

शिवशंकरच्या ऑटोतून मुनीमला हिंगोलीला नेलं. जनावरांच्या डॉक्टर शितलबाई राठोड म्हणून आहेत. तांड्यावरची मुलगी, वय वैष्णवीएवढंच. मला काका म्हणाल्या, मुनीमला साहेब म्हणाल्या. त्यांनी कातडी खरवडून दुर्बिणीखाली पाहिली, कान तपासले.

"खरूज नाही काका. कुणाला लागणार पण नाही. गोचिडाचं औषध देते, कानात घालायचं देते. पण मला वाटतं, याच्या अंगाला खाण्यातलंच काहीतरी सोसत नाहीये. काय खातो हा?"

मी सांगितलं. पोळी-दूध, भात-वरण, ताक, बिस्कुट, कोणाच्या कार्यातलं काय काय, कोंबडीवाल्याच्या दुकानामागचे पाय.

"आणि काय कधीच खाल्लेलं नाही?"

हा प्रश्न मला कोणी माझ्याबद्दलही विचारलेला नाही. विचार करून सांगितलं, रताळं आणि मासा. रताळं उपासाचं म्हणून कोणी त्याला देत नाही. आणि आमच्या घरात वडिलांपासून माळ आहे.

"मग हेच दोन. उकडायचं, मीठ-मसाला काही नाही, माशाचे काटे काढायचे. आठ आठवडे याच्या पोटात दुसरा कणसुद्धा जायला नको. एक बिस्कुट गेलं तरी सगळं पहिल्यापासून."

जाताना मी दुकानातून कुत्र्याच्या खाण्याची पिशवी घेतली होती, तिच्यावर चकचकीत कुत्र्याचा फोटो आणि 'खाजऱ्या कातडीसाठी, मेंढीचं मटण' असं होतं. बाईंनी पिशवी उलटी केली. पाठीमागं बारीक अक्षरात कोंबडी होती, गहू होता, तळाला कुठंतरी मेंढीही होती. "काका, पुढचं चित्र नाही बघायचं, मागचं वाचायचं." पिशवी परत केली. दुकानदारानं माझ्याकडं असं पाहिलं की पिशवीचं मागचं वाचणारा मी पहिलाच.

मासा कोण आणणार हा प्रश्न आहे. त्याहून मोठा, शिजवणार कोण.

१५ जानेवारी, बुधवार

मीच शिजवला.

शिवशंकरनं सिद्धेश्वर धरणावरून मासा आणला, झाकणाच्या डब्यात, शाळेत पोराचा डबा द्यावा तसा. मी गोठ्यात तीन दगड मांडले. माळ काढून खुंटीला अडकवली, शिजवला, हात धुतले, माळ घातली. मग वाटलं, देवाला खुंटी दिसत नाही असं थोडंच आहे. उद्यापासून माळ गळ्यातच ठेवीन. त्याला बघायचं ते नीट बघू दे.

वास सगळ्या गल्लीत गेला. आशाबाई नाकाला पदर लावून गोठ्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. "काटे असे काढतात काय? त्याच्या नरड्यात अडकंल ना," असं खेकसली आणि गेली. कुत्र्याला फाट्यावर सोडायला निघालेल्या बाईला त्याच्या नरड्याची काय पडली आहे, देव जाणे.

संध्याकाळी दिवा, घंटी, प्रसाद, नेहमीप्रमाणे.

१९ जानेवारी, रविवार

पथ्य आमच्या घरात आहे, गावात नाही. संक्रांतीपासून जो तो त्याला तिळगूळ घालून गोड बोलायला लावतोय. शेजारच्या पारूकाकू तर रोज कुत्र्याला पोळी टाकल्याशिवाय जेवत नाहीत. त्यांना हात जोडले.

"पारूकाकू, त्याला गव्हाची अॅलर्जी हाय."

"काय हाय?"

"गहू सोसत न्हाई त्याला."

"कुत्र्याला? मंग काय बदाम घालावं? आमच्या काळात कुत्री दगड खाऊन जगत व्हती."

मी डॉक्टरबाईंचं नाव सांगितलं, दुर्बिणीचं सांगितलं. पारूकाकू पोळीचा तुकडा हातात धरून, मी कधी संपतो याची वाट बघत उभ्या. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, "काकू, त्याचा उपास हाय."

त्यांनी हात मागं घेतला. पोळी पदराआड केली. "अगं बाई! आधी सांगू न्हाई का? कोणता?"

"सोळा सोमवार."

"आज तर रविवार हाय."

"त्याला वार कळत न्हाईत काकू. म्हणून रोजच धरतो."

पारूकाकूंनी मुनीमकडं पाहिलं आणि खरोखर हात जोडले. मुनीम त्यावेळी स्वतःचं बूड चावत होता.

खोटं बोललो. पण उपासाचं बोललो.

२४ जानेवारी, शुक्रवार

गावानं मुनीमला पोळी टाकणं बंद केलं आहे. पोरं बिस्कुट दाखवून लगेच खिशात घालतात, म्हणतात, पाप लागंल. डॉक्टरनं सांगितलेलं पथ्य माझ्या गावात कोणी तीन दिवस पाळलेलं मला आठवत नाही. उपास मात्र दुसऱ्याचा असला तरी मोडू देत नाहीत.

आशाबाईचं जुनं मऊ लुगडं सापडत नव्हतं. गोठ्यात मुनीमच्या अंगाखाली निघालं. ओढून नेलं असेल लबाडानं. चार घड्या घालून नीट अंथरलं होतं. कुत्र्याला घड्या घालता येतात हे मला माहीत नव्हतं.

खाज आहे तशीच. बाई म्हणाल्या होत्या, धीर धरा. धरला आहे. संध्याकाळी त्याला मलिद्याचा प्रसाद थोडा जास्त दिला. उपाशी जीव, देवाचं तरी मिळू दे.

९ फेब्रुवारी, रविवार

वसमतचे चुलत आजोबा वारले. मी त्यांना दोनदा पाहिलं होतं. दोन्ही वेळी त्यांनी मला दुसऱ्याच कोणाच्या नावानं हाक मारली. वय पुष्कळ झालं होतं; रडणाऱ्यांनाही आपण काहून रडतो ते नीट सांगता येत नव्हतं. भावकीचं सुतक आलं. देव बंद. दिवा नाही, घंटी नाही, नैवेद्य नाही.

घंटी वाजली नाही तरी मुनीम संध्याकाळी देवघरापुढं येऊन बसला, वाट पाहिली, आणि माझ्याकडं असं बघितलं की मीच देवाला काहीतरी लागट बोललो असेन.

१९ फेब्रुवारी, बुधवार

विश्वास बसणार नाही असं झालं आहे. खाज कमी झाली. पोटाची लाली उतरली. आज दुपारभर पत्रा वाजला नाही. आशाबाई दोनदा बाहेर येऊन बघून गेली, जिवंत आहे ना म्हणून.

औषध लागू पडलं, रताळं लागू पडलं, मासा लागू पडला. आजोबांनी मरता मरता आशीर्वाद दिला असंही शिवशंकर म्हणाला, पण त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा ते मला ठाऊक आहे.

उद्या घर शुद्ध करून देव पुन्हा पूजेत घेणार. आशाबाईला सांगितलं, मलिदा भरपूर कर, तूप सोड. देवाचे आभार हात आखडून मानत नाहीत.

२३ फेब्रुवारी, रविवार

ढबढब, ढबढब.

पुन्हा सगळं तसंच. उलट जास्त. कान लाल, पंजे चावून चावून ओले. मला काहीच कळेना. रताळं तेच, मासा तोच. चारी दिवस सकाळ-संध्याकाळ मनापासून पूजा केली, दोन्ही वेळा त्याला मूठभर प्रसाद दिला, तरी ही गत. कोणाची नजर लागली असेल. तो बरा झाला हे मीच गावभर सांगत फिरलो होतो.

आशाबाईनं भावाला फोन लावला. मी आतून ऐकलं. "न्हाई, अजून न्हाई, पाडव्यापर्यंत थांब म्हणलं ना." आवाज चिडका होता. भावावर काहून चिडली, कळलं नाही. साखळी आणि जागा तयार ठेवल्याचं सांगायला त्यानंच 'फोन कर' असा निरोप धाडला होता म्हणे.

डायरीचा आजचा उपदेश: 'एकाच पिकावर अवलंबून राहू नका.' पान उलटून टाकलं.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

आज सगळं गाव रताळी खातंय. मुनीम हे ताट रोज खातो. पारूकाकू त्याच्यासमोर रताळ्याचा काप ठेवून म्हणाल्या, "आज तुझा अन् माझा एकच." मी देवळात औंढ्याच्या नागनाथाकडं तोंड करून हात जोडले. मागितलं एवढंच, की वैष्णवी दारात आल्यावर 'मुनीम कुठं आहे' म्हणेल तेव्हा माझ्याकडं उत्तर असू दे.

३ मार्च, सोमवार

हे लिहायला लाज वाटते आहे, पण ही डायरी कोण वाचणार आहे.

मुनीमला घेऊन डॉक्टरबाईंकडं गेलो. थोडा तावातच होतो. म्हटलं, "बाई, तुमचं पथ्य खोटं हाय. कण दिला न्हाई मी याला. गावाला बी देऊ दिला न्हाई. मी माळकरी माणूस, मासे सोलून राहिलो."

"काहीच नाही दिलं? औषधाची गोळी कशात देता? पोरं? उष्टं?"

"काहीच न्हाई."

तेवढ्यात दवाखान्याच्या शेजारच्या देवळात दुपारच्या आरतीची घंटा झाली. मुनीम टेबलावर ताठ उठून बसला. दोन्ही पंजे वर. जीभ फिरवली. आणि अगदी भक्तिभावानं माझ्या खिशाकडं पाहिलं.

बाई त्याच्याकडं बघत राहिल्या.

"हे काय आहे काका?"

"काही न्हाई. प्रसादाची वेळ वाटली त्याला."

"कसला प्रसाद?"

"मलिदा."

"कशाचा असतो?"

"पोळीचा. गूळ, तूप घालून कुस्करायचा."

"गव्हाच्या पोळीचा."

"मंग कशाच्या?"

"हा रोज देता?"

"सकाळ-संध्याकाळ."

बाईंनी डोळे मिटले. शिवशंकर ऑटो लावून नुकता आत आला होता, तो तसाच उलट्या पावली बाहेर गेला. त्याच्या हसण्याचा आवाज रस्त्यावरून आला.

मी म्हटलं, "पण बाई, ते खाणं न्हाई. प्रसाद हाय. प्रसादानं उपास मोडत न्हाई."

"माहितीये काका. माझी आई पण तेच म्हणून उपासाच्या दिवशी दोन वाट्या शिरा खाते." मग जरा हळू म्हणाल्या, "पण याच्या कातडीला ते कुठं कळतं?"

परतताना ऑटोत कळमनुरीच्या फाट्यापाशी ट्यूब पेटली. सुतक. देव बंद होते, मलिदा बंद होता, तेव्हाच तर तो बरा होत होता. आणि देव उघडल्या दिवशी मी त्याला मूठभर घातला. शिवशंकरला सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे याला बरं ठेवायचं तर भावकीतलं दर महिन्याला कोणीतरी गेलं पाहिजे. यादी करू का?"

४ मार्च, मंगळवार

आता काय करू, सुचत नाही. प्रसाद मागायला आलेल्याला परत पाठवायचं नाही, मग तो माणूस असो की जनावर, असं वडील सांगायचे. आणि हा तर पंजे जोडून येतो.

सकाळी घंटी न वाजवता पूजा केली. मुनीम तरी आला. कापराचा वास ओळखतो. त्याला गोठ्यात बांधून पूजा केली, तर त्यानं असा गळा काढला की देवापेक्षा माझं लक्ष तिकडंच. अशी पूजा करून कोणाला पोचत असेल?

आशाबाई दाराशी उभी राहून हे सगळं बघत होती. शेवटी कावली.

"तुमच्या देवाला रोज मलिदाच लागतो का? दुसरं काही चालत न्हाई त्याला?"

"म्हंजे?"

"रताळं दाखवा ना देवाला. उपासाचं हाय, चोख हाय, देवाचंच हाय. देव बी खाईल, ते बी खाईल. एवढं साधं कळत न्हाई अन् निघाले डॉक्टरणीशी भांडायला."

 इतकी वर्षं पूजा मी करतोय. देवाला काय चालतं हे मी कधी त्याला विचारलंच नव्हतं. वडिलांनी दाखवलं ते दाखवत आलो. संध्याकाळी उकडलेल्या रताळ्याचा नैवेद्य ठेवला. तूप नाही, गूळ नाही. म्हटलं, देवा, थोडे दिवस काढ. मुनीमसाठी. तुझं वजन काही कमी होणार नाही.

घंटी वाजवली. मुनीम बसला. दोघांचं एकच ताट.

१६ मार्च, रविवार

पोटाची लाली गेली. शेपटीच्या बुडाला लव आली आहे. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही, शिवशंकरलासुद्धा नाही.

गावाला मात्र आपोआप कळलं. सोळा सोमवारांचं फळ, असं पारूकाकू देवळात सांगून राहिल्यात. त्यांच्या बहिणीची शेळी खाजवते, तिलाही धरायला लावू का म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, आधी शेळी काय खाते ते सांगा. त्यांना माझी श्रद्धा कमी झाल्यासारखी वाटली.

३० मार्च, पाडवा

गुढीला पुरणपोळीचा नैवेद्य गेला. घरातल्या देवाला रताळं. देवघरात बसून पुरणाचा वास घेताना मला देवाची दया आली.

२ एप्रिल, बुधवार

वैष्णवी आली. दारात पाऊल ठेवायच्या आधी म्हणाली, "मुनीम कुठंय?"

तो आतून धावत आला आणि तिच्यापुढं पंजे वर करून बसला. तिनं त्याच्या पोटावरून हात फिरवला. "आई तर फोनवर म्हणत होती, कातडी राहिली नाही म्हणून. हा तर छान आहे."

मी आशाबाईकडं पाहिलं. ती चहाचं आधण ठेवायला आत गेली होती. पाहुणा आला की ठेवते.

रात्री जेवताना आशाबाई म्हणाली, "दादाला फोन केला. म्हणलं, साखळी ठेव तुझ्या बैलाला."

४ मे, रविवार

नातू आठ दिवसांचा झाला. रडतो भरपूर. मुनीम पाळण्याखाली झोपतो. लुगड्यावर. ते लुगडं गोठ्यातून घरात कसं आलं, मी विचारलं नाही. घड्या घालणाऱ्या कुत्र्याला काही अशक्य नाही.

डॉक्टरबाईंना फोन केला. आठ आठवडे पूर्ण झाले. म्हणाल्या, आता एकेक जुनं खाणं परत देऊन बघायचं. आधी गहू. थोडा थोडा, रोज. खाज आली तर गहूच दोषी, हे पक्कं होईल. मग मासा-रताळ्यात काय भर घालायची ते ठरवू, कायम एवढ्यावर भागत नाही.

मी संध्याकाळी पोळीचा तुकडा कुस्करला, गूळ घातला. एवढे दिवस देवानंही सोसलं आहे, त्यालाही जरा बदल. ताटली ठेवली, घंटी वाजवली. मुनीम येऊन पंजे जोडून बसला. त्याच्याकडं पाहिलं, देवाकडं पाहिलं. आधी कोणाला विचारावं हे ठरत नव्हतं.

तेवढ्यात बाळंतिणीच्या खोलीतून आशाबाईचा आवाज आला, "गुळाचा वास काहून येऊन राहिला?"

"डॉक्टरबाई म्हणल्या..."

ती बाहेर आली. ताटली उचलली, मलिदा माझ्या हातावर ठेवला आणि उकडलेलं रताळं देवापुढं सरकवलं.

"डॉक्टरणीला म्हणावं, माझं लेकरू आत्ताशी झोपलं. खाजवायचं ते तुमी खाजवा."

मलिदा मी खाल्ला. कोणतं लेकरू, ते मी विचारलं नाही.